हाड डॉक्टर बसवतात, पण प्लास्टर कोण घालते?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की इंदापूर तालुक्यात हाडे मोडण्याचाही हंगाम सुरू होतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरतो. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर रात्री दुचाकी आदळते. कोप्यांच्या आसपास खेळणारे पोर बैलगाडीवरून पडते आणि कोपरात हात मोडून बसते. हंगाम नसला तरी म्हातारी माणसे ओल्या फरशीवर घसरतात आणि मनगट मोडते.

अशा वेळी वस्तीतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "कोणत्या डॉक्टरला दाखवले?" प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. प्लास्टर कुणी घातले, आणि घरी पाठवताना काय सांगितले? पुढच्या सहा आठवड्यांत हात कामाचा राहणार की नाही, हे बऱ्याचदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

नरसिंहपूरसारख्या गावाला हा प्रश्न अधिक लागू पडतो. नीरा आणि भीमेच्या संगमावरचे हे गाव पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे, नदीपलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो. हाड मोडलेला माणूस कधी इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो, कधी नदी ओलांडून अकलूज गाठतो, कधी बारामतीला नेला जातो. तिथे एक्स-रे निघतो, प्लास्टर होते आणि संध्याकाळपर्यंत माणूस घरी येतो. प्लास्टरचा खरा धोका मात्र त्यानंतर, रात्री उद्भवतो. तेव्हा डॉक्टर जवळ नसतात. जवळ असते ती फक्त दुपारी कुणीतरी दिलेली सूचना. नाहीतर तीही नसते.

हे काम नेमके कुणाचे?

हाड कसे मोडले, ते हाताने ओढून जागेवर बसवायचे की ऑपरेशन करून प्लेट किंवा रॉड टाकायचा, हा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांचा. तो दुसऱ्या कुणी घेऊ नये. पण निर्णय झाल्यावर प्लास्टर घालणे, पायाला वजन लावणे, पट्ट्या व स्प्लिंट बसवणे, प्लास्टरला खिडकी पाडून आतल्या जखमेचे ड्रेसिंग करता येईल असे करणे, मुदत संपल्यावर प्लास्टर कापणे आणि रुग्णाला कुबड्या वापरायला शिकवणे ही कामे ज्याच्याकडे येतात, तो ऑर्थोपेडिक टेक्नॉलॉजिस्ट. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत हे पद 'प्लास्टर टेक्निशियन' या नावाने ओळखले जाते. कॅनडात त्यांची नोंदणी होते. ब्रिटनमध्ये प्लास्टर घालणाऱ्यांसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे.

आपल्याकडे चित्र संमिश्र आहे. मोठ्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत प्रशिक्षित टेक्निशियन असतात. तालुक्याच्या पातळीवर अनेक ठिकाणी हेच काम वॉर्डबॉय, ड्रेसर किंवा कंपाउंडर बघून बघून शिकतात. त्यातल्या काहींचा हात वीस वर्षांच्या सवयीने तरबेज झालेला असतो. पण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसते, पगारात त्या कौशल्याची दखल नसते आणि रुग्णाला समजावून सांगणे हा आपल्या कामाचा भाग आहे, असे त्यांना कुणी कधी सांगितलेले नसते.

प्लास्टरच्या आत काय असते?

प्लास्टर म्हणजे ओली पट्टी गुंडाळणे, असे बाहेरून वाटते. त्यामागचे शास्त्र समजून घेऊ.

जिप्सम नावाचा खनिज दगड तापवला की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिला पुन्हा पाणी मिळाले की ती गरम होत घट्ट होते. ही भुकटी लावलेली पट्टी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी. नेदरलँड्सचे लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस मॅथिसेन यांनी १८५१ च्या सुमारास जखमी सैनिकांसाठी ती तयार केली. आज फायबरचे हलके प्लास्टरही मिळते, पण सरकारी दवाखान्यात स्वस्त आणि हवा तसा आकार घेणारे पांढरे प्लास्टरच जास्त वापरले जाते.

जाणकार टेक्निशियन आधी अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढायला लावतो, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. मग कातडीवर मऊ जाळीदार कापड आणि त्यावर कापसाचा थर येतो. घोटा, टाच, मनगटाच्या बाजूचे हाड, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला लागणारे हाड अशा टोकदार जागी कापूस जास्त लागतो. गुडघ्याखालच्या त्या हाडाला वळसा घालून एक नस जाते. तिथे प्लास्टर रुतले तर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना लटकत राहते. पट्टी भिजवायला पाणी साधे किंवा कोमट हवे. गरम पाण्यात भिजवलेले जाड प्लास्टर घट्ट होताना इतके तापते की कातडी भाजू शकते. ओले प्लास्टर तळहातावर पेलायचे, बोटांनी दाबायचे नाही. बोटांचे खळगे आत उमटतात आणि तिथेच पुढे जखम होते.

सर्वसाधारण नियम असा की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहिले पाहिजेत. पण मनगटाच्या काही फ्रॅक्चरमध्ये कोपर मोकळे ठेवतात. बोटे तर शक्यतो मोकळीच हवीत, म्हणजे ती हलवता येतात आणि त्यांचा रंग दिसतो. घोटा काटकोनात राहिला नाही, तर प्लास्टर काढल्यावर टाच जमिनीला टेकत नाही. म्हणजे हाड जुळले तरी माणूस लंगडतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कच्चे आणि पक्के प्लास्टर. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत असते. म्हणून सुरुवातीला बहुतेक वेळा एका बाजूने पट्टी आणि वरून बँडेज असे 'कच्चे' प्लास्टर घालतात. सूज उतरली की चारही बाजूंनी 'पक्के'. "आजच पक्के करून टाका, परत यायला गाडीभाडे नाही" असा हट्ट रुग्णाचे नातेवाईक धरतात. टेक्निशियनने या हट्टाला दिलेला नकार हा उपचाराचाच भाग आहे.

पहिली रात्र

आपल्या हातापायांतले स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांत बंद असतात. हाड मोडले की आत रक्त आणि सूज वाढते. वरून घट्ट प्लास्टर किंवा घट्ट बांधलेल्या कामट्या असतील तर दाब आणखी वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. काही तासच हातात असतात. सुमारे सहा तासांनंतर स्नायूंचे कायमचे नुकसान होऊ लागते. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले आणि घट्ट पट्ट्यांकडे बोट दाखवले. बोटे आत वळून पंजासारखी आखडतात, त्या विकृतीला आजही त्यांचेच नाव आहे. कोपराच्या वर हात मोडलेल्या लहान मुलांना याचा धोका जास्त असतो.

म्हणून प्लास्टर झालेल्या प्रत्येक घरी पुढची लक्षणे माहीत असलीच पाहिजेत.

दुखणे औषध घेऊनही वाढत जाते. माणूस तळमळतो, रात्रभर झोपत नाही. दुसऱ्याने बोटे हळूच सरळ केली तरी असह्य कळ येते. बोटांना मुंग्या येतात किंवा स्पर्श कळत नाही. बोटे गार, पांढरी किंवा निळसर पडतात. बोट हलवता येत नाही. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होत नाही.

यातले पहिले लक्षण सर्वांत महत्त्वाचे. बोटे गार पडण्याची वाट पाहिली तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. "फ्रॅक्चर आहे म्हटल्यावर दुखणारच" हे वाक्य आपल्या वस्त्यांत अनेकांचे हात घालवते. नेहमीचे दुखणे हात उंच ठेवल्यावर आणि गोळी घेतल्यावर थोडे तरी कमी होते. जे वाढतच जाते, त्यासाठी सकाळची एसटी गाठायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने त्याच रात्री जिथे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात जायचे. तिथे प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उभे कापून मोकळे करतात. तरीही दाब उतरला नाही तर तातडीचे ऑपरेशन लागते.

ही माहिती द्यायला दोन मिनिटे लागतात. ती देण्याची सर्वांत योग्य वेळ म्हणजे प्लास्टर वाळत असतानाची. तेव्हा रुग्ण आणि नातेवाईक दोघेही समोर असतात, आणि समोर असतो तो प्लास्टर घालणारा. डॉक्टर तोपर्यंत पुढच्या रुग्णाकडे गेलेले असतात. म्हणूनच टेक्निशियनचे बोलणे हे त्याच्या हाताइतकेच मोलाचे आहे. रुग्णाच्या बोलीत बोलणारा, "समजले का? आता तुम्ही मला सांगा" असे म्हणून उलट विचारणारा माणूस त्या जागी असेल, तर नरसिंहपूरच्या घरात रात्री दोन वाजता योग्य निर्णय होऊ शकतो.

सहा आठवडे आणि उचल

प्लास्टर लवकर का काढले जाते? समजत नाही म्हणून, असे आपण पटकन म्हणतो. वस्तीवर बसून ऐकले की वेगळे कळते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. एकाचा हात मोडला की कोयताच मोडतो, आणि उचल तर फेडायचीच असते. मनगटाचे हाड साधारण सहा आठवडे मागते, नडगीचे हाड तीन-चार महिनेही घेते. मुकादम इतके थांबत नाही. मग तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर भिजवून विळ्याने कापले जाते आणि हाड वाकडे जुळते. हंगाम संपला की कुटुंब गावी परतते, तपासणीची तारीख इकडेच राहते.

हाडवैद्याकडे जाण्यामागेही हेच हिशोब असतात. तो जवळ असतो, स्वस्त असतो, आपल्या भाषेत बोलतो. या लोकांना हिणवून काही साधत नाही. पण एक्स-रे न काढता बांधलेल्या घट्ट कामट्या मुलाचा हात घालवू शकतात, हे मात्र ठामपणे सांगावे लागते.

खर्चाची भीती काही प्रमाणात दूर करता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्याचा शासनाचा निर्णय आहे. ऑपरेशन लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवावे. कार्यकर्त्याने सोबत जाऊन एवढे विचारले तरी अर्धी घालमेल संपते.

घरी आल्यावरची पथ्ये साधी आहेत. पहिले काही दिवस हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. मोकळी बोटे दर तासाला हलवावीत. जाड प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवस लागू शकतात, तोवर त्यावर भार देऊ नये आणि चुलीजवळ धरून ते वाळवू नये. खाज आली तर काडी, पट्टी, विणायची सुई आत घालू नये. आत जखम होते आणि ती दिसत नाही. वास येऊ लागला, प्लास्टरवर डाग उमटला, ताप आला, तर दाखवायला जावे. तंबाखू आणि मिश्री बंद करावी, तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो. सांगितलेल्या तारखेला पुन्हा एक्स-रे काढावा, कारण सूज उतरल्यावर प्लास्टर सैल होते आणि बसवलेले हाड आतल्या आत सरकू शकते.

प्लास्टर कापण्याच्या मशीनला मुले फार घाबरतात. तिचे पाते गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. त्यामुळे कडक प्लास्टर कापले जाते आणि मऊ कातडी सहसा वाचते. तरी पाते तापते, म्हणून टेक्निशियन ते ओढत नेत नाही, थोडे दाबतो, उचलतो, पुढे ठेवतो. मुलाला आधी स्वतःच्या तळहातावर मशीन टेकवून दाखवणारा टेक्निशियन रडणे निम्मे थांबवतो.

हाताच्या कामाला खालचे का मानले गेले?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे एक ओळखीची गोष्ट दिसते. निर्णयाला मान, हाताच्या कामाला दुय्यम जागा. रुग्णाच्या शरीराला हात लावणे, रक्त-पू पुसणे, मळलेली पट्टी सोडवणे ही कामे आपल्या समाजरचनेत 'खालची' ठरवली गेली आणि ती करणारी माणसेही. जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये ती विभागणी आजही वावरते. म्हणून तिथल्या कौशल्याला 'मदतनीस' एवढेच नाव मिळते.

अस्थिचिकित्सेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. लिव्हरपूलचे डॉ. ह्यू ओवेन थॉमस हे पिढीजात हाडे बसवणाऱ्या घराण्यातले. वडिलांचे हातकसब आणि वैद्यकाचे शिक्षण एकत्र आणून त्यांनी पाय स्थिर ठेवण्यासाठी जी चौकट बनवली, तिला थॉमस स्प्लिंट म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्यांचे शिष्य रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने ती आघाडीवर वापरली गेली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तिचा वापर आजही होतो. आपल्या देशातला जयपूर फूट १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून घडवला. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला. शर्मांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

हातातले ज्ञान हेही ज्ञानच आहे. त्याला शिक्षण, प्रमाणपत्र, पगार आणि मान मिळाला पाहिजे. २०२१ मध्ये संसदेने डॉक्टर आणि परिचारिका सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांची घडी बसवणे हा त्याचा हेतू. ही घडी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचते का, याकडे आपले लक्ष हवे.

आपण काय करायचे?

पहिले, शिकायचे. बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलामुलींपुढे डॉक्टर किंवा काहीच नाही असे दोनच रस्ते ठेवले जातात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परावैद्यक तंत्रज्ञानाच्या पदवीत प्लास्टर टेक्निशियन ही शाखा आहे. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाची मान्यता आणि त्या वर्षीचे नियम स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर पैसे भरू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटींत आपला अभ्यासक्रम बसतो का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. मुलींनी या क्षेत्रात यावे, हे मुद्दाम सांगतो. मांडीला किंवा कमरेला प्लास्टर घालायचे असते तेव्हा बाईला बाईचा हात हवा असतो, आणि संकोचापोटी उपचार टाळणाऱ्या बाया आपल्या वस्तीत कमी नाहीत.

दुसरे, शिकवायचे. विहारात रविवारी जमणाऱ्यांसमोर वर दिलेली लक्षणे वाचून दाखवा. हाड मोडलेल्याला हलवण्याआधी पुठ्ठा, लाकडी पट्टी किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र लावून मऊ कापडाने सैल बांधणे, गळ्यात झोळी करणे, हाड बाहेर आले असेल तर ते आत न ढकलता स्वच्छ कापडाने झाकणे, हे एका तासात शिकवता येते. कारखान्याच्या हंगामात कोप्यांवर जाऊनही शिकवता येते.

तिसरे, मागायचे. तालुक्याच्या रुग्णालयात प्लास्टर टेक्निशियनचे पद मंजूर आहे का, असल्यास भरले आहे का, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो. आज हे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात थोड्या मुदतीचे प्रशिक्षण मिळावे, अशी मागणी करता येते. प्लास्टर झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती मोठ्या अक्षरांतला मराठी कागद पडावा, त्यावर धोक्याची लक्षणे आणि रात्री फोन करायचा नंबर असावा, ही मागणी तर रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्याच बैठकीत ठेवता येईल. तिला फारसा पैसाही लागत नाही.

इंदापूरच्या ऊसपट्ट्यात माणसाची सगळी मालमत्ता म्हणजे त्याचे दोन हात. ते मोडले तर नीट जुळावेत, इतके तरी आपल्याला मागता आले पाहिजे. आणि पुढच्या वेळी कुणी प्लास्टर घालून घरी आले, तर डॉक्टरचे नाव विचारून झाल्यावर बोटांकडे बघा, ती हलवायला सांगा आणि विचारा, "प्लास्टर कुणी घातले? काय काय सांगितले त्यांनी?"